महासाथ आणि दीर्घकालीन आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविड-१९ ची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी उठली, पण प्रश्न यायचे थांबलेले नाहीत. फक्त त्यांचा सूर बदललाय. पूर्वी लोक विचारायचे, ‘मला होईल का?’ आता विचारतात, ‘त्या काळात जे राहून गेलं त्याचं काय?’ पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. औषधांबद्दल जे लिहिलंय ते समजून घेण्यासाठी आहे. गोळी बदलायची तर तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच.

१. महासाथ जंतूमुळे येते. तिचा माझ्या बीपीशी किंवा शुगरशी काय संबंध?

संबंध दोन्ही बाजूंनी आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असेल तर संसर्गानंतर तब्येत जास्त बिघडण्याची शक्यता असते. इंग्लंडमध्ये पहिल्या लाटेत रुग्णालयांत कोविडने दगावलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना मधुमेह होता. ही बाजू लगेच लक्षात आली, कारण ती अतिदक्षता विभागात डोळ्यांसमोर होती.

दुसरी बाजू उशिरा कळते. ज्याला संसर्ग झालाच नाही त्याचीही तपासणी हुकते, गोळ्या संपतात, फिरायला जाणं बंद होतं आणि नेहमीचे डॉक्टर साथीच्या कामाला लागतात. हे नुकसान रोजच्या रुग्णसंख्येत कुठेच येत नाही. या पानावरचे बहुतेक प्रश्न याच दुसऱ्या बाजूचे आहेत.

२. ‘दीर्घकालीन आजार’ म्हणजे नेमके कोणते? टीबी त्यात धरायचा का?

सहसा चार मोठे गट धरतात: हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार, कर्करोग, मधुमेह आणि दमा-सीओपीडीसारखे श्वसनाचे जुने आजार. मूत्रपिंडाचे आणि मानसिक आजारही त्यांच्याच जोडीला येतात. कोविडपूर्वीच जगातल्या दर चार मृत्यूंपैकी जवळजवळ तीन असंसर्गजन्य आजारांमुळे होत होते. टीबी आणि एचआयव्ही संसर्गजन्य आहेत, पण त्यांची औषधं अनेक महिने किंवा आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यामुळे सेवा बंद पडली की त्यांची गत बीपी-शुगरसारखीच होते (प्रश्न ९ पाहा).

३. प्रतिबंध म्हणजे लस ना? ज्याला आधीच बीपी आहे त्याच्यासाठी प्रतिबंध कसला?

हा गैरसमज फार जुना आहे. प्रतिबंधाचे तीन थर असतात. आजार होऊच नये म्हणून तंबाखू सोडणं, मीठ कमी करणं, हालचाल वाढवणं हा पहिला. आजार गुपचूप सुरू झाला असेल तर तो लवकर पकडणं हा दुसरा. आजार आहे, पण त्यातून पक्षाघात, अंधत्व किंवा डायलिसिसची वेळ येऊ नये म्हणून तो आटोक्यात ठेवणं हा तिसरा. बीपीची रोजची गोळी या तिसऱ्या थरात मोडते.

महासाथीत तिन्ही थर एकदम ढिले पडतात, पण आवाज कोणत्याच थराचा होत नाही. ऑक्सिजन संपला तर आरडाओरडा होतो. कोणाची बीपी मोजायची राहिली म्हणून कोणी ओरडत नाही. मी काम केलेल्या एका केंद्रात पाठपुराव्याची जाड नोंदवही होती. एका ओळीत एक माणूस, पुढे महिन्यांचे रकाने. मार्च २०२० पर्यंत १४२/८८, १३८/८६ असे आकडे दाटीवाटीने भरलेले, आणि एप्रिलपासून पानंच्या पानं कोरी. बऱ्याच महिन्यांनी एका ओळीत एकदम १७८/१०४. खाली पेनाने बारीक अक्षरात ‘गोळ्या बंद होत्या’. ती नोंदवही चाळताना महासाथीचा जितका अंदाज आला तितका कोणत्याही आलेखाने आला नाही.

४. दवाखाने तर उघडे होते. मग सेवा ‘विस्कळीत’ झाल्या म्हणजे काय?

दार उघडं असणं आणि सेवा मिळणं यांत फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये १५५ देशांकडून माहिती घेतली. ५३ टक्के देशांत उच्च रक्तदाबावरचे उपचार अंशतः किंवा पूर्णपणे विस्कळीत होते. मधुमेहासाठी हे प्रमाण ४९ टक्के, कर्करोगासाठी ४२ टक्के आणि हृदयाच्या तातडीच्या सेवांसाठी ३१ टक्के होतं. पुनर्वसन, म्हणजे पक्षाघातानंतरची फिजिओथेरपी वगैरे, ६३ टक्के देशांत अडकलं होतं.

कारणं साधी होती: ठरलेल्या भेटी रद्द झाल्या, वाहतूक बंद होती, लोक घाबरून येत नव्हते. पण माझ्या लेखी सगळ्यात बोलका आकडा वेगळाच आहे. ९४ टक्के देशांत असंसर्गजन्य आजारांचं काम पाहणारे आरोग्य मंत्रालयातले कर्मचारी अंशतः किंवा पूर्णतः कोविडच्या कामावर वळवले गेले होते. माणसं तीच, कामं दोन, आणि त्यांपैकी एकाचीच रोज बातमी होणार होती.

५. लॉकडाऊनमध्ये हार्ट अटॅक कमी झाले असं वाचलं होतं. खरं का?

कमी झाले ते दाखल होणारे रुग्ण. इंग्लंडमध्ये मार्च २०२० च्या अखेरीस हार्ट अटॅकसारख्या तीव्र त्रासासाठी दाखल होणाऱ्यांची संख्या नेहमीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी घसरली होती. धावपळ थांबली, हवा स्वच्छ झाली म्हणून हृदयं सुधारली, असं तेव्हा अनेकांनी हौसेने लिहिलं. त्याच सुमारास इटलीच्या लोम्बार्डी भागातली आकडेवारी आली: चार जिल्ह्यांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ५८ टक्क्यांनी वाढल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ घटनांमागे कोविड होता, हे खरं. पण छातीत दुखत असूनही ‘आत्ता रुग्णालयात नको’ म्हणून घरी थांबलेलेही त्यात होते.

महासाथ असो वा नसो, छातीत दाब, एका बाजूला लुळेपणा, अचानक बोबडी वळणं यासाठी वाट पाहायची नसते.

६. तपासणी चार-सहा महिने लांबली तर एवढं काय बिघडतं?

आजारावर अवलंबून आहे. कोलेस्टेरॉल बरीच वर्षं स्थिर असेल आणि औषध चालू असेल, तर चार महिन्यांनी फारसं बिघडत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग सहसा पूर्वावस्थेतून अनेक वर्षांनी होतो. आधीचा अहवाल स्वच्छ असेल तर काही महिन्यांचा उशीर पचतो.

निदान झालेल्या कर्करोगाचं मात्र तसं नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली तर मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, आणि पुढच्या प्रत्येक चार आठवड्यांत तो आणखी वाढत जातो. मधुमेहात पायाची जखम आठवड्यांतच हाताबाहेर जाऊ शकते. डायलिसिसला तर दिवसांचीच मुदत असते. म्हणून ‘तातडीचं नसलेलं सगळं पुढे ढकला’ असा सरसकट आदेश निघाला की मला धास्ती वाटते. तातडीचं काय, हे आजारागणिक ठरतं, आणि ते ठरवणारा माणूस त्या वेळी जागेवर असावा लागतो.

७. ‘अतिरिक्त मृत्यू’ हा आकडा अधिकृत कोविड मृत्यूंपेक्षा इतका मोठा का?

कारण तो वेगळीच गोष्ट मोजतो. साथ नसती तर त्या काळात साधारण किती मृत्यू झाले असते याचा आधीच्या वर्षांवरून अंदाज बांधतात आणि प्रत्यक्ष मृत्यूंमधून तो वजा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभर सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यू झाले. त्यात नोंद न झालेला कोविड आहे आणि उपचार न मिळाल्याने गेलेले इतर रुग्णही आहेत. रस्त्यावरची वर्दळ घटल्याने टळलेले अपघाती मृत्यू त्यातून आपोआप वजा होतात. जिथे मृत्यूंची नोंदच अर्धवट आहे तिथे या अंदाजाभोवतीची अनिश्चितता मोठी असते, आणि त्यावरून देशांत वादही झाले आहेत.

८. आमच्या नातेवाइकांना मधुमेह होता, कोविड झाला आणि ते गेले. मृत्यू कशाने धरायचा?

कोविडने. जागतिक आरोग्य संघटनेच्या एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कोविडच्या आजारपणातून मृत्यू आला आणि दुसरं स्पष्ट, असंबंधित कारण (उदाहरणार्थ अपघात) नसेल, तर मूळ कारण कोविड लिहायचं. मधुमेह प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात, हातभार लावणारं कारण म्हणून येतो.

‘त्यांना आधीच काहीतरी होतं’ हे वाक्य त्या काळात सांत्वनासारखं वापरलं गेलं. मला ते कधीच पटलं नाही. २०२० मधल्या एका अभ्यासानुसार जगातल्या सुमारे १७० कोटी लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या २२ टक्क्यांना, धोका वाढवणारा निदान एक तरी आजार होता. एवढे लोक अपवाद कसे ठरतील? त्यातले बहुतेक जण औषध घेऊन पुढची कित्येक वर्षं नीट जगले असते.

९. दीर्घकालीन आजार सोडून जागतिक आरोग्याला आणखी कुठे फटका बसला?

तीन ठिकाणी तो स्पष्ट मोजता आला.

टीबी: नव्याने निदान होऊन नोंद झालेले रुग्ण २०१९ मध्ये ७१ लाख होते, २०२० मध्ये ५८ लाख. आजार कमी झाला नव्हता, शोध थांबला होता. त्याच वर्षी टीबीचे मृत्यू दशकाहून अधिक काळानंतर पहिल्यांदा वाढले.

मलेरिया: २०२० मध्ये आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ६९,००० जास्त मृत्यू झाले. त्यांतले जवळपास दोन तृतीयांश सेवा खंडित झाल्यामुळे.

बाल लसीकरण: घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीचे तिन्ही डोस मिळालेल्या बाळांचं प्रमाण २०१९ मधल्या ८६ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ८१ टक्क्यांवर आलं. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण त्या एका वर्षात अडीच कोटी मुलांचा किमान एक डोस राहिला. नंतर गोवर उसळला, त्याचं मूळ इथेच आहे.

हा प्रकार नवा नाही. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ दरम्यान इबोलाने ११,३०० हून अधिक बळी घेतले. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत त्याच काळात मलेरिया, टीबी व एचआयव्हीच्या सेवा कोलमडल्यामुळे सुमारे १०,६०० जास्तीचे मृत्यू झाल्याचा एका अभ्यासाचा अंदाज होता. म्हणजे इबोलाइतकेच लोक इबोला न होता गेले. हा धडा २०२० मध्ये सगळ्यांसमोर होता.

१०. सगळ्या देशांना सारखाच फटका बसला का?

नाही. श्रीमंत देशांत बीपीचा रुग्ण किमान यादीत तरी असतो, त्याला फोन करता येतो. अनेक ठिकाणी तो यादीतच नसतो: उच्च रक्तदाब असलेल्या जगातल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना आपल्याला तो आहे हेच माहीत नाही. लशीही आधी पैसेवाल्या देशांत पोहोचल्या. समान वाटपासाठी एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेली कोव्हॅक्स योजना पुरवठ्याच्या रांगेत मागे राहिली.

११. मग चांगलं काहीच झालं नाही?

झालं. मास्क, अंतर आणि थांबलेला प्रवास यामुळे २०२०-२१ च्या हंगामात फ्लू जवळजवळ दिसेनासा झाला. फ्लूच्या बी प्रकारातली ‘यामागाता’ शाखा मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेच सापडलेली नाही, इतकी की फ्लूच्या लशीतून ती वगळायची शिफारस झाली. एका महासाथीने दुसऱ्या विषाणूची फांदी छाटावी, ही गंमतच म्हणायची. अनेक देशांत औषधं एकदम तीन-सहा महिन्यांची देण्याची पद्धत रुळली, हाही फायदा. घरी औषधं किती ठेवायची, ते प्रश्न १७ मध्ये.

१२. बीपीच्या काही गोळ्यांमुळे कोविड वाढतो म्हणून आम्ही त्या बंद केल्या होत्या. चूक केली का?

भीतीमागे तर्क होता, म्हणूनच ती पसरली. विषाणू पेशीत शिरायला एसीई-२ नावाचं प्रथिन वापरतो, आणि रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं त्याच यंत्रणेशी संबंधित आहेत. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मार्च २०२० मध्येच गोळ्या चालू ठेवायला सांगितलं. पुढे ब्राझीलमध्ये रुग्णालयात दाखल ६५९ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांच्या गोळ्या थांबवल्या, निम्म्यांच्या चालू ठेवल्या. तीस दिवसांत किती दिवस जिवंत आणि रुग्णालयाबाहेर काढले, यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे बंद करून फायदा नव्हता, आणि घरच्या घरी बंद केल्यावर बीपी चढण्याचा धोका तेवढा उरला. तेव्हा थांबवलेली गोळी पुन्हा सुरू केलीच नाही असे लोक अजून भेटतात. तुम्ही त्यांतले असाल तर आधी बीपी मोजून घ्या.

१३. कोविडनंतर शुगर निघाली. कोविडमुळेच मधुमेह झाला का?

तीन शक्यता असतात. मधुमेह आधीपासून होता आणि दाखल झाल्यावर पहिल्यांदा रक्त तपासलं, हे पुष्कळदा घडतं. दुसरी, आजारपणाचा ताण आणि स्टेरॉइड. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात हे जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत दिसलं. पण त्याने शुगर वाढते. भारतात २०२१ च्या लाटेत काळ्या बुरशीचा आजार पसरला तेव्हा अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही जोडी त्यामागे ठळक होती. तिसरी शक्यता, संसर्गानंतर खरोखर नव्याने झालेला मधुमेह. तोही नोंदला गेला आहे. वेगळं करायला एचबीए१सी ही रक्ततपासणी मदत करते, कारण ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते. दाखल झाल्या दिवशीच ती बरीच जास्त असेल तर गोष्ट जुनी आहे.

१४. लाँग कोविड हा दीर्घकालीन आजारच ना?

व्यवहारात हो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१ च्या व्याख्येनुसार संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या निदानाने उलगडा न होणारी लक्षणं म्हणजे ही अवस्था: थकवा, धाप, विचारात धूसरपणा. अडचण त्या ‘दुसऱ्या निदाना’त आहे. थकवा थायरॉइडचा, रक्तक्षयाचा किंवा हृदयाचाही असू शकतो. ते तपासण्याआधीच लाँग कोविडचा शिक्का बसायला नको.

१५. सिगारेट ओढणाऱ्यांना कोविड कमी होतो असं संशोधन होतं ना?

२०२० च्या सुरुवातीला तसे काही निष्कर्ष आले होते. दाखल रुग्णांत धूम्रपान करणारे कमी दिसत, पण घाईच्या नोंदीत सवयी नीट विचारल्याच जात नसत. त्यांतला एक शोधनिबंध तर लेखकांचे तंबाखू उद्योगाशी असलेले संबंध जाहीर न केल्यामुळे २०२१ मध्ये मागे घेतला गेला. धूम्रपान करणाऱ्यांना संसर्ग झाल्यास तो गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. एवढंच.

१६. फोनवरून सल्ला घेतला तर चालतं का?

स्थिर आजार, जुनं औषध, नवा त्रास नाही, अशा वेळी छान चालतं. पाय, डोळ्याचा पडदा, छातीचा आवाज फोनवरून तपासता येत नाही. आणि फोनवर सांगितलेला बीपीचा आकडा चुकीच्या पद्धतीने मोजलेला असेल तर त्यावर दिलेला डोसही चुकतो. म्हणून पद्धत सांगतो, कारण इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी आणि सिगारेट नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा बाहीवर नको, उघड्या दंडावर बांधा. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. आवडलेला तेवढाच लिहू नका. घरी मोजताना सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत राहिली तर डॉक्टरांना कळवा.

१७. पुढच्या वेळी औषधांचा साठा करून ठेवू का?

महिना-दोन महिन्यांचा वाजवी साठा ठेवा, कपाट भरू नका. २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन लोकांनी कोविडसाठी उचललं आणि ज्यांना ते नेहमी लागतं ते ल्यूपस, संधिवाताचे रुग्ण दुकानोदुकानी हिंडले. इन्सुलिन न उघडलेलं असेल तर २ ते ८ अंशांत, फ्रीजरपासून दूर. उघडलेलं बहुतेक इन्सुलिन खोलीच्या तापमानाला सुमारे चार आठवडे टिकतं. नेमकी मुदत पाकिटावर असते. गोळ्यांपेक्षाही उपयोगी चीज म्हणजे कागद: औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ, ॲलर्जी आणि शेवटचे अहवाल. नेहमीचे डॉक्टर भेटले नाहीत तर नव्या डॉक्टरांचं अर्धं काम तो कागद करतो.

१८. जगाने काही नियम बदलले का, की पुन्हा तेच होणार?

बदलले. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतल्या दुरुस्त्या जून २०२४ मध्ये मंजूर झाल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाल्या. ‘महासाथ आणीबाणी’ ही नवी पायरी त्यात आली. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला. जंतूंचे नमुने आणि त्यातून मिळणारे फायदे कसे वाटायचे, याचं परिशिष्ट मंजूर झाल्यावरच तो सह्यांसाठी खुला होणार, अशी त्यातली तरतूद आहे. आरोग्यव्यवस्था तगून राहावी हाही कराराचा भाग आहे. पण बीपीची नोंदवही भरायला माणूस ठेवायचा की नाही, हे करार ठरवत नाही, देशांचं आणि शहरांचं अंदाजपत्रक ठरवतं. माझा भरवसा तिथे थोडा डळमळतो.

१९. मधल्या काळात दोन तपासण्या हुकल्या. आता भरपाई म्हणून दोनदा करू का?

नको. एकदा करा, आणि निकाल ठीक असेल तर पुढचं अंतर तिथून मोजा. अपवाद तीन. लक्षण असेल, उदाहरणार्थ गाठ, शौचातून रक्त किंवा कारण नसताना घटलेलं वजन, तर स्क्रीनिंगच्या, म्हणजे लक्षणं नसताना करायच्या तपासणीच्या, रांगेत थांबू नका. ते निदानाचं काम आहे, थेट दाखवा. मागचा अहवाल संशयास्पद होता आणि फेरतपासणी राहिली असेल, तर रांगेत तुमचा नंबर आधी लागायला हवा; तो जुना कागद सोबत न्या. तिसरा अपवाद सहज निसटतो: या वर्षांत तुम्ही स्क्रीनिंगची वयोमर्यादा ओलांडली असेल तर यादीतून नाव आपोआप गळतं आणि बोलावणं येतच नाही. शेवटची तपासणी झालीच नव्हती, हे तिथे तुम्हालाच जाऊन सांगावं लागतं.